शंभर मेगाबिटचे माप : वेगाची नोंदवही संगणकालाच लिहू द्या

जुन्नर, नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव या गावांतील दुकानांत आणि घरांत ऑप्टिकल फायबरची जोडणी आता नवलाईची राहिलेली नाही. बागवान बंधू वाशीच्या बाजाराचे भाव घरबसल्या पाहतात. बेकरीवाले जीएसटीचे विवरणपत्र रात्री दुकान बंद केल्यावर भरतात. शिवणकाम करणाऱ्या भगिनी गिऱ्हाइकाने पाठविलेला नमुना मोबाइलवर पाहून कापड कापतात. या सर्वांसाठी दरमहा भाडे मोजले जाते आणि ते वेगाच्या हिशेबाने मोजले जाते. चाळीसचा दर वेगळा, शंभरचा वेगळा, दोनशेचा आणखी वेगळा.

आता प्रश्न असा की, शंभरचे पैसे भरणाऱ्याच्या घरी शंभर येतात का? आमच्या बहुतेक व्यापारी बंधूंना याचे उत्तर देता येत नाही. मालाच्या बाबतीत हेच बंधू किती काटेकोर असतात! क्रेटमागे अर्धा किलो कमी भरला तर आडत्याशी तिथल्या तिथे बोलतात. इंटरनेट मंदावले की मात्र ‘आज नेट स्लो आहे’ एवढे म्हणून गप्प बसतात, किंवा लाइनमनला फोन करतात. लाइनमन दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला येतो, आपल्या मोबाइलवर चाचणी लावतो, आकडा ९३ दाखवतो आणि निघून जातो. तक्रार रात्री नऊची, तपासणी सकाळी अकराची. अशा वेळी ग्राहकाच्या हाती लेखी काहीच नसते.

ही नोंद माणसाने ठेवायची म्हटली तर दोन दिवसांत कंटाळा येतो. म्हणून ती संगणकाकडून लिहवून घ्यावी. त्याला फार खर्च लागत नाही आणि अभियंता असण्याचीही गरज नाही. बारावीला संगणक विषय घेतलेला घरातील मुलगा किंवा मुलगी हे काम एका सुटीत करू शकते.

आधी मापाविषयी थोडे बोलू, कारण तिथेच पुष्कळांची फसगत होते. वेग सांगितला जातो मेगाबिटमध्ये आणि संगणकावर फाइल उतरते ती मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० मेगाबिटची जोडणी पूर्ण भरात असली तरी सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच उतरणार. पडद्यावर ‘१२’ पाहून शंभरचे बारा झाले अशी ओरड करणारे ग्राहक आम्ही पाहिले आहेत. पायली आणि किलो एकाच ओळीत लिहिल्यासारखे ते होते. तक्रार करण्यापूर्वी एकक पाहून घ्यावे.

दुसरी गोष्ट, सर्व कामांना वेग लागत नाही. यूपीआयचा व्यवहार अगदी थोड्या माहितीचा असतो. तो अडकतो तेव्हा दोष बहुधा वेगाचा नसतो. निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ वाढलेला असतो किंवा वाटेत माहितीचे तुकडे गळत असतात. शिवाय दुकानात ‘पैसे प्राप्त झाले’ असे बोलणाऱ्या डबीत स्वतःचे सिमकार्ड असते. ती अडली तर मोबाइलच्या टॉवरची चौकशी करावी, फायबरवाल्याशी भांडून उपयोग नाही. म्हणून नोंदवहीत प्रत्येक वेळी चार रकाने असावेत. तारीख-वेळ, उतरण्याचा वेग, चढण्याचा वेग आणि निरोपाच्या जाण्यायेण्याचा वेळ, जो मिलिसेकंदांत मोजतात.

आता यंत्राची रीत. वेग मोजणारी पाने सर्वांच्या परिचयाची आहेत. ऊकला कंपनीचे स्पीडटेस्ट २००६ पासून आहे, नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये फास्ट डॉट कॉम सुरू केले, आणि एम-लॅब ही संशोधकांनी २००९ मध्ये सुरू केलेली खुली सोय आहे. पान उघडले की ब्राउझर दूरच्या संगणकावरून काही माहिती खाली ओढतो, किती सेकंद लागले ते पाहतो आणि भागाकार करतो. रहस्य एवढेच. हा भागाकार आपल्या ब्राउझरलाही करता येतो. जावास्क्रिप्टच्या दहा-पंधरा ओळी लिहायच्या. घड्याळ पाहा, ठरलेली फाइल मागव, पुन्हा घड्याळ पाहा, बाइटांना आठाने गुणून सेकंदांनी भाग, उत्तर लिहून ठेव, तासाभराने पुन्हा कर. असे पान एका टॅबमध्ये उघडे ठेवले की काम सुरू होते.

पण या सोप्या रीतीत तीन खाचखळगे आहेत. पहिला म्हणजे साठवणीचा. एकदा आणलेली फाइल ब्राउझर स्वतःजवळ ठेवून घेतो आणि दुसऱ्या वेळी घरातूनच काढून देतो. मग वहीत हजार-दोन हजार मेगाबिटचे आकडे दिसू लागतात आणि आनंदीआनंद होतो! त्यासाठी फाइलच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह देऊन त्या क्षणाची वेळ जोडावी, म्हणजे ब्राउझरला तो पत्ता नवा वाटतो. दुसरा खळगा असा की, एका संकेतस्थळाच्या पानावरील स्क्रिप्टला दुसऱ्या संकेतस्थळाची माहिती ब्राउझर सहजासहजी वाचू देत नाही. ही बंदी आपल्या सुरक्षिततेसाठीच आहे, तेव्हा ती मोडण्याच्या खटपटीत पडू नये. तिसरा म्हणजे मागे पडलेला टॅब. वीज आणि मेमरी वाचविण्यासाठी क्रोम अशा टॅबचे काम आवरते घेतो, प्रसंगी टॅब झोपवूनच टाकतो. त्या पानाला सेटिंगमध्ये सूट द्यावी लागते. संगणक स्वतः झोपी गेला तर अर्थात काहीच चालणार नाही.

म्हणून आमची पसंती दुसऱ्या रीतीला आहे. सेलेनियम (२००४), पपेटिअर (२०१७) आणि प्लेराइट (२०२०) ही फुकट मिळणारी साधने मुळात संकेतस्थळे तपासण्यासाठी निघाली. ती माणसाच्या जागी बसून ब्राउझर चालवतात. पान उघडायचे, बटण दाबायचे, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचे, तो वाचायचा, फाइलमध्ये एक ओळ लिहायची आणि ब्राउझर बंद करायचा. पायथॉनमध्ये हे तीसेक ओळींत बसते. विंडोजच्या टास्क शेड्युलरला किंवा लिनक्सच्या क्रॉनला सांगितले की ठरल्या वेळी ते आपोआप सुरू होते. जुम्याच्या वेळी दुकानाचे शटर खाली असले तरी नोंद थांबत नाही. फाइल साधी, स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली ठेवावी, ती एक्सेलमध्ये थेट उघडते. चाचणी फसली तर ओळ गाळू नये, ‘बंद’ असे लिहावे. वहीत ‘बंद’ लिहिलेले असेल तर लाइन गेली होती, आणि ओळच नसेल तर आपल्याकडची वीज गेली होती. ग्रामीण भागात हा फरक महत्त्वाचा आहे, नाहीतर महावितरणचे खापर इंटरनेटवाल्याच्या डोक्यावर फुटते.

एक सावधगिरी मात्र हवी. संकेतस्थळाने आपल्या पानाची रचना बदलली की स्क्रिप्ट आंधळी होते, म्हणून आठवड्यातून एकदा वही उघडून पाहावी. काही सेवांना आपोआप चालविलेल्या चाचण्या चालत नाहीत, त्यांच्या अटी वाचाव्यात. ऊकलाने घरगुती वापरासाठी ब्राउझरशिवाय चालणारा छोटा प्रोग्रॅमच दिलेला आहे, तो अधिक भरवशाचा. एम-लॅबवर घेतलेल्या चाचण्यांची माहिती आपल्या आयपी पत्त्यासह जाहीर होते, हेही ठाऊक असावे.

आता खर्चाचा हिशेब. १०० मेगाबिटच्या जोडणीवर दहा सेकंदांची चाचणी म्हणजे सव्वाशे मेगाबाइट खाली उतरले. दर अर्ध्या तासाला चाचणी घेतली तर दिवसाला ४८ वेळा, म्हणजे ६ गिगाबाइट, महिन्याला १८०. ज्यांच्या योजनेत मर्यादा संपल्यावर वेग उतरतो त्यांची मर्यादा चाचणीच खाऊन टाकील, आणि मग वेग का उतरला म्हणून पुन्हा चाचणी! मोबाइलच्या दिवसाला दीड गिगाबाइटच्या योजनेवर तर हा उद्योग करूच नये. आमचा सल्ला असा की, जाण्यायेण्याचा वेळ दर पाच मिनिटांनी मोजावा, त्याला जवळजवळ काही लागत नाही. पूर्ण वेगाची चाचणी दिवसातून सहा वेळा पुरे. पहाटे एक, सकाळी दुकान उघडताना एक, दुपारी एक, आणि संध्याकाळी सात ते रात्री अकराच्या दरम्यान तीन.

मोजताना संगणक तारेने राउटरला जोडलेला असावा. हे आम्ही आग्रहाने सांगतो. जुन्नरच्या जुन्या वाड्यांच्या भिंती रुंद आहेत, त्यांतून वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा फारसा पार होत नाही आणि २.४ चा पट्टा शेजाऱ्यांच्या गर्दीत सापडतो. माजघरातील वायफायवर मोजलेला आकडा ऐकून कंपनी म्हणेल, दोष तुमच्या भिंतीचा. आणि ते खरेही असू शकेल. तारेने मोजले की हा वाद उरत नाही. तरीही आकडा कायम ९४ च्या आसपास अडत असेल आणि योजना दोनशेची असेल, तर राउटरचे किंवा संगणकाचे तारेचे बंदर जुन्या, शंभर मेगाबिटच्या जातीचे आहे असे समजावे. स्वस्त राउटरमध्ये हे सर्रास आढळते. कंपनीला दोष देण्यापूर्वी ते बदलावे.

दहा-पंधरा दिवसांची वही जमली की ती बोलू लागते. समजा मंचरच्या एका दुकानदाराच्या वहीत पहाटे ९२, ९४, ९३ आणि रात्री नऊला १४, ११, १८ असे आकडे आहेत. तार तुटलेली नाही, जोडही बरा आहे, नाहीतर पहाटेही वेग मिळाला नसता. फायबरची एक मुख्य धार साधारण अडीच गिगाबिटची असते आणि ती ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते. त्याहून अरुंद जागा पुढे असते. स्थानिक केबलवाल्याने वरून जेवढी क्षमता विकत घेतली तेवढ्यातच संध्याकाळी सर्व गाव सिनेमा पाहते. घरे वाढत गेली आणि क्षमता वाढविली नाही, की हा प्रकार होतो. याचे उत्तर लाइनमनजवळ नसते. ते मालकाजवळ असते आणि ते मागायला वही लागते. उलट, दिवसरात्र आकडा सारखाच पडलेला आणि मधूनमधून ‘बंद’ असेल तर मात्र जोड, वाकलेली तार किंवा खांबावरची पेटी तपासावी. राउटरजवळच्या डबीवर लाल दिवा लागला असेल तर प्रकाशच पोहोचत नाही, तेव्हा राउटर बंद-चालू करीत बसणे व्यर्थ.

आकडे पाहताना सरासरीवर विसंबू नये. वरच्या सहा आकड्यांची सरासरी ५४ च्या जवळ येते, आणि ५४ हा वेग त्या दुकानात एकदाही नव्हता! पहाटेचे वेगळे आणि रात्रीचे वेगळे काढून दाखवावे. चाचणीही दोन ठिकाणी घ्यावी. काही वेळा चाचणीचा संगणक कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यातच बसविलेला असतो. तिथपर्यंतचा रस्ता मोकळा आणि त्यापुढे पुण्या-मुंबईकडे जाणारा तुंबलेला, असे घडते.

आपल्या तालुक्यांची एक खासियत येथे नमूद केली पाहिजे. नारायणगावजवळ आर्वी येथे १९७०च्या दशकाच्या आरंभी उपग्रहाद्वारे परदेशी दूरध्वनी पोहोचविणारे भूकेंद्र उभे राहिले. विक्रम साराभाई यांचे नाव त्याला आहे. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट देशात आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. त्याच सुमारास शेजारच्या खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची रेडिओ दुर्बीण आकाराला येत होती, आणि त्या थाळ्या मध्यवर्ती इमारतीशी ऑप्टिकल फायबरनेच जोडलेल्या आहेत. म्हणजे फायबर आमच्या शिवारात गावाच्या आधी आली. ही दुर्बीण सुमारे १,४५० मेगाहर्ट्झपर्यंतच्या अतिशय क्षीण लहरी ऐकते, आणि मोबाइलचा ९०० मेगाहर्ट्झचा पट्टा नेमका याच कक्षेत येतो. त्यामुळे त्या परिसरात टॉवर उभारताना दुर्बिणीचा विचार करावा लागतो आणि पाहुण्यांना तेथे मोबाइल बंद करावा लागतो. या भागातील दुकानदाराने म्हणूनच मोबाइलच्या भरवशावर न राहता तारेची जोडणी घ्यावी आणि ती नीट चालते की नाही हे पाहावे, असे आमचे मत आहे. तेथील शास्त्रज्ञही एका क्षणाच्या आकड्यावर विश्वासत नाहीत. बाहेरचा गोंगाट कुठून आणि कोणत्या वेळी येतो, याच्या नोंदी ते सतत ठेवतात.

बाहेरच्या देशांत याचे काय झाले? २०१६ मध्ये वॉशिंग्टनच्या एका ग्राहकाची गोष्ट गाजली. तो कॉमकास्ट कंपनीला दीडशे मेगाबिटचे पैसे देत होता. त्याने एका छोट्या रास्पबेरी पाय संगणकाला तासातासाला वेग मोजायला लावले, आणि वेग पन्नासच्या खाली गेला की तो संगणक कंपनीच्या नावे ट्विटरवर आपोआप तक्रार टाकी. जर्मनीने तर डिसेंबर २०२१ पासून हा हक्क कायद्यात आणला. सरकारी नियामकाच्या प्रोग्रॅमने, संगणक तारेने जोडून, तीन वेगवेगळ्या दिवशी मिळून ३० मोजण्या घ्यायच्या. करारातील वेग मिळत नाही असे त्यातून सिद्ध झाले की ग्राहकाला भाडे कमी करून घेता येते किंवा करार सोडता येतो.

आपल्याकडे असा थेट हक्क नाही. ब्रॉडबँड कशाला म्हणावे याची किमान मर्यादा जानेवारी २०२३ मध्ये ५१२ किलोबिटवरून २ मेगाबिट करण्यात आली, पण शंभरच्या ग्राहकाला त्याचा काय उपयोग? तरीही मार्ग आहेत. प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. क्रमांकाशिवाय केलेली तक्रार ही तक्रारच नव्हे. समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते, त्याला फी नाही. ट्राय स्वतः एकेकाची तक्रार सोडवीत नाही. ग्राहकांच्या राष्ट्रीय मदतक्रमांकावर, १९१५ वर, फोन करता येतो. आणि ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे. दूरसंचार कंपन्यांविरुद्ध तेथे दाद मागता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात १६ फेब्रुवारी २०२२ रोजी दिला.

व्यापाऱ्यांनी येथे एक मेख लक्षात ठेवावी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे व्यापारी हेतूने सेवा घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. मात्र केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून सेवा घेणारा त्यातून वगळलेला नाही. स्वतः मशीनवर बसणारा शिंपी, स्वतः गॅरेज चालविणारा मिस्त्री, कल्हईवाला, पिंजारी यांना ही सवलत आहे. दहा माणसे ठेवून चालणाऱ्या गोदामाच्या जोडणीसाठी कंपनी हरकत घेऊ शकते. घराची जोडणी घराच्याच नावावर ठेवावी, दुकानाची त्यात मिसळू नये. प्रकरण न्यायालयात गेले तर संगणकातील नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे. म्हणून मूळ फाइलला हात लावू नये. आकडे रंगवायचे, गाळायचे, सुबक करायचे ते तिच्या नकलेवर करावे.

बहुतेक प्रकरणे इतकी लांब जातही नाहीत. गावातला केबलवाला आपल्याच ओळखीचा असतो. त्याच्याकडे ‘नेट चालत नाही’ म्हणून जाणे वेगळे आणि पंधरा रात्रींचे आकडे एका कागदावर घेऊन जाणे वेगळे. एकाच गल्लीतील चार घरांनी एकाच वेळी नोंद ठेवली तर त्याहून बरे. चारही वह्यांत रात्री नऊलाच घसरण दिसली की भिंतीचा, राउटरचा, मुलांच्या खेळाचा बहाणा चालत नाही. पेशवाईत जुन्नरचे कागदी ज्या कागदासाठी नावाजले होते, त्यावर हिशेब आणि दस्त लिहिले जात. नाणेघाटातला दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवतात. मोजून घेण्याची आणि लिहून ठेवण्याची रीत या भागाला नवी नाही.

जुना संगणक घरात पडून असेल तर तोच या कामाला लावावा. मात्र त्याचे बंदर गिगाबिटचे आहे का ते आधी पाहावे, नाहीतर दोनशेच्या जोडणीवर तो जन्मभर ९४ दाखवील. महिनाअखेरीस फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून त्या महिन्याच्या बिलासोबत ठेवावी. नूतनीकरणाची तारीख आठवडाभरावर आली की बिल आणि वही शेजारी ठेवून पाहावे. वार्षिक पैसे एकदम भरण्याची सवलत मोहक असते, पण ते भरण्यापूर्वी निदान एक पावसाळी महिना आणि एक परीक्षेचा महिना वहीत आलेला असावा.